'गेम ऑफ थ्रोन्स' व 'हाउस ऑफ द ड्रॅगन' या मालिकांतील सत्तासंघर्ष आणि भविष्यवाणी : एक चिकित्सक अभ्यास

गोषवारा

'गेम ऑफ थ्रोन्स' (२०११-२०१९) आणि तिची पूर्वकथा सांगणारी 'हाउस ऑफ द ड्रॅगन' (२०२२ पासून) या दूरचित्रवाणी मालिका मध्ययुगीन युरोपाच्या धर्तीवर रचलेल्या काल्पनिक जगातील सिंहासनाचा संघर्ष चित्रित करतात. या संघर्षात भविष्यवाण्यांना मोठे स्थान आहे. वरवर पाहता भविष्यवाणी ही मानवी राजकारणापलीकडील शक्ती वाटते. तथापि दोन्ही मालिकांतील प्रमुख प्रसंगांचा अभ्यास केल्यास भविष्यवाणीचा प्रभाव तिच्या सत्यतेवर अवलंबून नसून तिचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे यावर अवलंबून असल्याचे दिसून येते. तसेच भविष्यवाणीचा आधार घेणारी व्यक्ती आपल्या कृत्याची जबाबदारी दैवावर ढकलू पाहते आणि त्याची किंमत निरपराधांना मोजावी लागते. प्रस्तुत लेखात या दोन मुद्द्यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : सत्तासंघर्ष, अधिमान्यता, भविष्यवाणी, अन्वयार्थ, स्वयंपूर्त भाकीत, नैतिक जबाबदारी.

१. प्रास्ताविक

अमेरिकन लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या कादंबरीमालेचा पहिला खंड १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. पाचवा खंड २०११ मध्ये आला. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात एचबीओ या वाहिनीवर डेव्हिड बेनिऑफ व डी. बी. वाइस यांनी या कादंबऱ्यांवर आधारलेली 'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका सुरू केली. आठ पर्वे व ७३ भागांनंतर मे २०१९ मध्ये ती संपली. मार्टिन यांच्याच 'फायर अँड ब्लड' (२०१८) या ग्रंथावर आधारलेल्या 'हाउस ऑफ द ड्रॅगन' या मालिकेचे पहिले पर्व २०२२ मध्ये व दुसरे २०२४ मध्ये प्रसारित झाले.

दोन्ही मालिकांच्या केंद्रस्थानी वेस्टेरॉस या काल्पनिक भूखंडावरील लोहसिंहासन आहे. पहिल्या मालिकेत राजा रॉबर्ट बराथियनच्या मृत्यूनंतर अनेक घराणी त्यावर हक्क सांगतात. दुसरी मालिका त्याहून सुमारे पावणेदोनशे वर्षे आधीची असून तीत टार्गेरियन या एकाच घराण्यातील दोन शाखांचे यादवी युद्ध दाखविले आहे. वारसाहक्क, विवाहसंबंध, कपटकारस्थाने, धर्मसंस्था, कर्ज आणि सैन्यबळ अशा सर्व अंगांनी हा संघर्ष रंगविलेला असल्याने या मालिकांचा विचार राज्यशास्त्राच्या अंगानेही करता येतो. परंतु या वास्तव वाटणाऱ्या राजकारणात स्वप्ने, अग्नीतील दृष्टांत आणि चेटकिणीचे भाकीत यांचे काय प्रयोजन आहे, हा प्रश्न उरतो. केवळ अद्भुतरसाची निर्मिती एवढेच ते प्रयोजन असते, तर राजकारणाचा व भविष्यवाणीचा धागा एकमेकांपासून सहज वेगळा करता आला असता. प्रत्यक्षात मात्र तसे होत नाही.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१) मालिकांतील सत्तासंघर्षात भविष्यवाणी कोणकोणती कार्ये करते, ते स्पष्ट करणे.
२) भविष्यवाणीच्या अन्वयार्थाचा व सत्तेचा परस्परसंबंध तपासणे.
३) भविष्यवाणीच्या आधारे केलेल्या कृत्यांच्या नैतिक जबाबदारीचा विचार करणे.

या अभ्यासासाठी संहिता-विश्लेषण ही पद्धती वापरली आहे. 'गेम ऑफ थ्रोन्स'ची सर्व आठ पर्वे आणि 'हाउस ऑफ द ड्रॅगन'ची पहिली दोन पर्वे एवढीच अभ्यासाची व्याप्ती आहे. मूळ कादंबऱ्यांतील प्रसंग मालिकांपेक्षा अनेक ठिकाणी भिन्न असल्याने विवेचन मालिकांपुरते मर्यादित ठेवले आहे.

३. सैद्धांतिक चौकट

सत्ता आणि अधिसत्ता यांत राज्यशास्त्र भेद करते. आज्ञा पाळण्यास भाग पाडण्याचे सामर्थ्य म्हणजे सत्ता, तर ती आज्ञा योग्य आहे असे मानून लोकांनी केलेला तिचा स्वीकार म्हणजे अधिसत्ता. या स्वीकारालाच अधिमान्यता असे म्हणतात. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी अधिमान्यतेचे तीन स्रोत सांगितले : परंपरा, असामान्य व्यक्तिमत्त्वाचे वलय आणि कायदा. वेस्टेरॉसमध्ये कायदा दुबळा आहे आणि परंपरेने चालत आलेला वारसाहक्क वादग्रस्त आहे. अशा वेळी दावेदाराला वलयाची गरज भासते आणि हे वलय निर्माण करण्याचे सोपे साधन म्हणजे भविष्यवाणी होय.

दुसरी संकल्पना अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ मध्ये मांडलेली 'स्वयंपूर्त भाकीत' ही आहे. एखादी पेढी बुडणार अशी खोटी अफवा उठली आणि ठेवीदारांनी घाबरून एकाच वेळी पैसे काढून घेतले, तर सुस्थितीतील पेढीही खरोखर बुडते, हे मर्टन यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. भाकीत मुळात खरे नसते. त्यावर विश्वास ठेवून केलेली कृती त्याला खरे करते.

तिसरा विचार मॅकियाव्हेली याचा आहे. १५१३ च्या सुमारास लिहिलेल्या आणि १५३२ मध्ये छापल्या गेलेल्या 'द प्रिन्स' या ग्रंथात त्याने सशस्त्र प्रेषित यशस्वी होतात आणि निःशस्त्र प्रेषितांचा नाश होतो, असे प्रतिपादन केले. त्याच्यासमोर फ्लॉरेन्समधील धर्मोपदेशक सॅव्होनारोला याचे उदाहरण होते. लोकांचा विश्वास असेपर्यंत सॅव्होनारोलाच्या शब्दाला वजन होते. तो विश्वास उडाल्यावर तो टिकवून धरण्याचे कोणतेही बळ त्याच्यापाशी नव्हते आणि १४९८ मध्ये त्याला देहदंड झाला.

४. ऐतिहासिक पार्श्वभूमी

मार्टिन यांनी आपल्या कथेमागे इंग्लंडमधील 'गुलाबांच्या युद्धां'ची प्रेरणा असल्याचे अनेकदा सांगितले आहे. यॉर्क आणि लँकेस्टर या घराण्यांत १४५५ पासून सुमारे तीस वर्षे चाललेल्या या संघर्षात राजकीय भविष्यवाणी हे नेहमीच्या वापरातील शस्त्र होते. बाराव्या शतकात मॉनमथच्या जेफ्रीने लिहिलेल्या ब्रिटनच्या राजांच्या इतिहासात मर्लिन या द्रष्ट्याच्या भविष्यवाण्या येतात. तांबडा ड्रॅगन व पांढरा ड्रॅगन यांची झुंज हे त्यांतील गाजलेले रूपक. १४६१ मध्ये राजा झालेल्या चौथ्या एडवर्डच्या समर्थकांनी वंशावळीचे पट तयार करून त्याला प्राचीन ब्रिटिश राजांचा वारस ठरविले आणि मर्लिनची वाणी त्याच्या रूपाने खरी झाल्याचा प्रचार केला. पुढे १४८५ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर उतरलेल्या हेन्री ट्यूडरनेही तांबड्या ड्रॅगनचाच ध्वज मिरविला आणि वेल्श कवींनी त्याच्यात भाकीत केलेला तारणहार पाहिला. एकाच परंपरेतील भाकिते अशा रीतीने परस्परविरोधी घराण्यांच्या उपयोगी पडली.

याच काळातील आणखी एक कथा उद्बोधक आहे. 'जी' या अक्षराने सुरू होणाऱ्या नावाचा पुरुष एडवर्डच्या वारसांचा घात करील, असे भाकीत पसरले होते आणि त्यामुळे राजाचा भाऊ जॉर्ज, क्लॅरेन्सचा ड्यूक, याच्यावरील संशय बळावला, असे परंपरा सांगते. राजद्रोहाच्या आरोपावरून १४७८ मध्ये जॉर्जला मृत्युदंड झाला. परंतु १४८३ मध्ये सिंहासन बळकावले ते दुसऱ्या भावाने, म्हणजे ग्लॉस्टरचा ड्यूक रिचर्ड याने. त्याच्या पदवीचे आद्याक्षरही 'जी' हेच होते. शेक्सपिअरने 'तिसरा रिचर्ड' या नाटकात या कथेचा उपयोग केला आहे.

राजसत्तेला या शस्त्राची धार ठाऊक होती. आठव्या हेन्रीने अ‍ॅन बोलिनशी विवाह केल्यास त्याचे राज्य जाईल असे सांगणाऱ्या एलिझाबेथ बार्टन या जोगिणीला १५३४ मध्ये फाशी देण्यात आले. हेन्रीच्या आणि पुढे पहिल्या एलिझाबेथच्या कारकिर्दीत राजकीय भविष्यवाण्या पसरविण्याविरुद्ध कायदेही झाले. राज्यकर्त्यांनी ज्या गोष्टीवर कायद्याने बंदी घालावी, ती गोष्ट निव्वळ अंधश्रद्धा म्हणून सोडून देण्याजोगी नव्हती, हे यावरून स्पष्ट होते.

५. मालिकांतील भविष्यवाणीची कार्ये

५.१ दाव्याला अधिमान्यता देणे

'गेम ऑफ थ्रोन्स'च्या दुसऱ्या पर्वात (२०१२) व्हॅरिस हा हेरप्रमुख टिरियनला एक कोडे घालतो. एका दालनात राजा, धर्मगुरू आणि धनिक असे तिघे बसले आहेत. त्यांच्यामध्ये एक भाडोत्री सैनिक उभा आहे आणि प्रत्येक जण त्याला इतर दोघांना मारण्याची आज्ञा करतो. सैनिक कोणाचे ऐकेल? व्हॅरिसच्या मते उत्तर सैनिक काय मानतो यावर अवलंबून आहे. लोक जेथे सत्ता आहे असे मानतात तेथेच ती असते. संपूर्ण मालिकेतील सत्ताविचाराचे सार या कोड्यात आहे आणि भविष्यवाणीचे महत्त्वही त्यावरूनच समजते. लोक काय मानतात हे ज्याला बदलता येते, त्याला सत्तेचे स्थानही बदलता येते.

स्टॅनिस बराथियन हे याचे ठळक उदाहरण होय. रॉबर्टच्या राणीची मुले अनौरस असल्याने कायद्याच्या दृष्टीने त्याचा दावा सर्वांत सबळ आहे. परंतु त्याच्यापाशी सैन्य कमी आहे आणि लोकप्रियता त्याहून कमी. धाकटा भाऊ रेनली मात्र हक्क नसताना केवळ लोकप्रियतेच्या बळावर मोठे सैन्य जमवितो. ही उणीव भरून काढण्यासाठी स्टॅनिस मेलिसान्द्रे या तांबड्या पुजारिणीचा आधार घेतो. ती त्याला 'वचन दिलेला राजपुत्र' ठरविते. जुन्या देवांच्या मूर्ती समुद्रकिनारी जाळल्या जातात, ज्वाळांतून पेटती तलवार उपसली जाते आणि एका हट्टी सरदाराचा दावा विश्वाच्या तारणाचे कार्य होऊन बसतो. कायद्याचा हक्क असणाऱ्या माणसालाही वलयाची गरज पडते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

सहाव्या पर्वात (२०१६) हेच कार्य अधिक उघडपणे घडते. डेनेरिस टार्गेरियनच्या अनुपस्थितीत मिरीन शहरात शांतता टिकविण्यासाठी टिरियन किन्व्हारा या तांबड्या धर्माच्या प्रमुख पुजारिणीला बोलावतो. डेनेरिस हीच तारणहार आहे, असा प्रचार तिच्या पुजाऱ्यांनी करावा अशी त्याची अपेक्षा असते. टिरियनची स्वतःची त्यावर श्रद्धा नाही. त्याच धर्माच्या एका पुजारिणीने पूर्वी स्टॅनिसला निवडले होते, याची आठवण व्हॅरिस तेथेच करून देतो. इंग्लंडमध्ये मर्लिनच्या भाकितांचे जे झाले, तेच येथे होते : वाणी तीच राहते, तारणहार तेवढा बदलतो.

५.२ भयातून पूर्तता

पाचव्या पर्वाच्या (२०१५) आरंभी सर्सी लॅनिस्टरच्या बालपणीचा प्रसंग येतो. मॅगी नावाची चेटकीण तिला सांगते की, ती राणी होईल, परंतु तिच्याहून तरुण व सुंदर अशी दुसरी राणी येऊन तिचे सर्वस्व हिरावून घेईल. तिला तीन मुले होतील आणि त्यांचे मुकुट व कफन दोन्ही सोन्याची असतील. प्रौढ सर्सीच्या राजकारणावर या भाकिताची गडद छाया पडली आहे.

आपला मुलगा टॉमेन याची पत्नी मार्जरी टायरेल हीच ती दुसरी राणी, असा सर्सीचा ग्रह होतो. तिला दूर करण्यासाठी सर्सी हाय स्पॅरो या धर्मनेत्याला सशस्त्र पंथ पुन्हा उभारण्याची परवानगी देते. मार्जरी व तिचा भाऊ कैदेत पडतात खरे, पण लवकरच तोच पंथ सर्सीलाही कैद करतो आणि राजधानीच्या रस्त्यांतून तिची विवस्त्र धिंड काढतो. सहाव्या पर्वाच्या अखेरीस सर्सी सूडापोटी धर्मपीठाचे मंदिर स्फोटाने उडवून देते. त्यात मार्जरी मरते आणि हे पाहून टॉमेन खिडकीतून उडी घेतो. ज्या मुलाला वाचविण्यासाठी ही सारी धडपड होती, तोच तिच्या कृतीने जातो. पुढे आठव्या पर्वात (२०१९) सर्सीचा पाडाव होतो तो डेनेरिसच्या हल्ल्यात. तेव्हा दुसरी राणी कोण, याविषयीचा सर्सीचा तर्क मुळातच चुकला असावा, असे मानण्यास जागा राहते. क्लॅरेन्स आणि ग्लॉस्टर यांच्या कथेशी असलेले याचे साम्य सहज ध्यानात येते.

तथापि येथे एक मर्यादा नोंदविली पाहिजे. जॉफ्री व मार्सेला या सर्सीच्या अन्य दोन मुलांचे मृत्यू इतरांच्या कारस्थानांमुळे होतात. त्यामुळे मॅगीचे संपूर्ण भाकीत मर्टन यांच्या अर्थाने स्वयंपूर्त ठरत नाही. टॉमेनच्या बाबतीत मात्र ते निश्चितपणे तसे आहे.

मराठी वाचकाला येथे कंसाची आठवण होणे स्वाभाविक आहे. देवकीचा आठवा पुत्र आपला काळ ठरणार या आकाशवाणीने भयभीत झालेला कंस बहिणीला बंदिवासात टाकतो, तिची अर्भके मारतो आणि अखेरीस त्याच पुत्राच्या हातून मरतो. परंतु कंसाच्या कथेत आकाशवाणीचा अर्थ स्पष्ट आहे आणि ती ईश्वरी संकल्पाचा भाग आहे. सर्सीच्या कथेत भाकीत संदिग्ध आहे आणि त्यात मार्जरीचे नाव भरण्याचे काम सर्सीनेच केलेले आहे.

भय भविष्यवाणीला खोटेही पाडू शकते, हे पहिल्या पर्वातील (२०११) मिरी माझ डूर हिच्या प्रसंगातून दिसते. डेनेरिसच्या पोटातील पुत्र जगज्जेता होईल, असे डोथ्राकी टोळीच्या वृद्ध स्त्रिया सांगतात. डोथ्राकींना हे भाकीत आनंदाचे वाटते. परंतु ज्यांची गावे ही टोळी लुटते त्यांच्या दृष्टीने जगज्जेता म्हणजे आणखी जळणारी शहरे. स्वतःचे गाव व मंदिर उद्ध्वस्त झालेली मिरी उपचाराच्या निमित्ताने त्या बालकाचा जन्मापूर्वीच अंत घडवून आणते. एकच भाकीत जेत्याला वरदान आणि जिताला धमकी वाटते, हे या प्रसंगाचे मर्म होय.

५.३ अन्वयार्थाचा संघर्ष

भविष्यवाणीतील एखाद्या शब्दाचा अर्थ कोणी लावायचा, हाच सत्तेचा प्रश्न कसा होतो, याचे उत्तम उदाहरण 'हाउस ऑफ द ड्रॅगन'मध्ये आढळते. पहिला राजा एगॉन याला उत्तरेकडून येणाऱ्या हिमसंकटाचे स्वप्न पडले होते आणि त्या वेळी टार्गेरियन वंशाच्या व्यक्तीने राज्य एकत्र ठेवले पाहिजे, असे त्याने जाणले होते. हे रहस्य राजाने फक्त आपल्या वारसाला सांगायचे असते. राजा विसेरिस ते आपली कन्या रेनिरा हिला सांगतो. रहस्य सांगणे हाच येथे वारस ठरविण्याचा विधी आहे. ते आपल्याला कधीच सांगितले गेले नव्हते हे विसेरिसचा भाऊ डेमॉन याला कळते, तेव्हा त्याचा जो संताप होतो, त्यावरून या ज्ञानाचे राजकीय मोल समजून येते.

पहिल्या पर्वाच्या आठव्या भागात मृत्युशय्येवरील विसेरिस ग्लानीत राणी अ‍ॅलिसेंटला रेनिरा समजून त्या स्वप्नाविषयी तुटक बोलतो. त्यात एगॉन हे नाव आणि वचन दिलेला राजपुत्र असे उल्लेख येतात. अ‍ॅलिसेंटच्या मुलाचेही नाव एगॉनच आहे. राजाने अखेरच्या क्षणी मन बदलून आपल्या मुलाला वारस नेमले, असा अर्थ ती घेते. त्यातून राज्याचे दोन तुकडे होतात.

हे युद्ध केवळ एका गैरसमजातून घडले, असे मानणे मात्र पुरेसे नाही. पुढच्याच भागात असे उघड होते की, अ‍ॅलिसेंटचे वडील ओटो हायटॉवर व काही मंत्री एगॉनला सिंहासनावर बसविण्याची योजना तिच्या नकळत आधीपासूनच आखत होते. राजाचे शब्द कानी पडले नसते, तरी राज्याभिषेक झालाच असता. गैरसमजाने केले ते एवढेच की, तयार असलेल्या कारस्थानाला राजाच्या अंतिम इच्छेचे पावित्र्य दिले. दुसऱ्या पर्वात (२०२४) रेनिरा वेषांतर करून मंदिरात अ‍ॅलिसेंटला भेटते आणि खरा संदर्भ सांगते. अ‍ॅलिसेंटला आपली चूक कळते, पण ती ती मान्य करू शकत नाही, कारण सैन्य निघालेले असते. अर्थ चुकीचा ठरला तरी त्यावर उभी राहिलेली सत्ता मागे फिरत नाही.

'गेम ऑफ थ्रोन्स'च्या सातव्या पर्वातील (२०१७) एक छोटा प्रसंगही या संदर्भात महत्त्वाचा आहे. मेलिसान्द्रे वचन दिलेल्या राजपुत्राचा उल्लेख करते, तेव्हा डेनेरिसची दुभाषी मिसान्डे मूळ भाषेतील तो शब्द पुरुषवाचक नसून त्याचा अर्थ राजकन्या असाही होऊ शकतो, हे निदर्शनास आणते. एका व्याकरणाच्या मुद्द्याने दावेदारीचे क्षेत्र दुप्पट होते. मिसान्डेचे भाषाज्ञान खरे आहे. परंतु हा अर्थ पुढे येतो तो एक स्त्री सैन्य व तीन ड्रॅगन घेऊन उभी राहिल्यानंतर, हेही तितकेच खरे आहे.

५.४ निःशस्त्र द्रष्टी

'हाउस ऑफ द ड्रॅगन'मधील सर्वांत अचूक द्रष्टी म्हणजे अ‍ॅलिसेंटची कन्या हेलेना. आपल्या भावाला एक डोळा मिटावा लागेल, असे ती पुटपुटते आणि पुढच्याच भागात ड्रॅगन मिळविल्यानंतर झालेल्या भांडणात एमंडचा डोळा जातो. दुसऱ्या पर्वाच्या आरंभी आपल्याला उंदरांची भीती वाटते असे ती सांगते. त्याच रात्री राजवाड्यात शिरलेल्या दोन मारेकऱ्यांपैकी एक उंदीर पकडणारा असतो आणि तिच्या लहान मुलाची हत्या होते. तिच्या आधीच्या बोलण्याचा कोणीही विचार केलेला नसतो.

हेलेना कोणाच्या दाव्याला उपयोगी पडेल असे काहीच सांगत नाही. तिच्यामागे पंथ नाही, सैन्य नाही आणि दरबारात तिला विक्षिप्त समजले जाते. याउलट मेलिसान्द्रेचा तारणहाराविषयीचा अन्वयार्थ स्टॅनिसच्या बाबतीत साफ चुकतो, तरी तो चुकीचा ठरेपर्यंत हजारो माणसे त्यामागे चालतात. मॅकियाव्हेलीचा विचार येथे पूर्णपणे लागू पडतो.

६. जबाबदारीचा प्रश्न

भविष्यवाणीचा सत्तेसाठी होणारा वापर एवढाच मुद्दा असता, तर या मालिका धूर्त राजकारणाच्या कथा ठरल्या असत्या. परंतु त्यांत एक नैतिक प्रश्न सातत्याने विचारलेला आहे. भविष्यवाणीवर विश्वास ठेवून केलेल्या कृत्याला जबाबदार कोण?

पाचव्या पर्वाच्या नवव्या भागात हिमवादळात अडकलेला, अन्नसाठा जळालेला स्टॅनिस आपली एकुलती एक मुलगी शिरीन हिला अग्नीत बळी देण्यास संमती देतो. आपल्यापुढे दैवाने हाच मार्ग ठेवला आहे, अशी त्याची धारणा असते. दुसऱ्या दिवशी बर्फ वितळते. पण जवळजवळ निम्मे सैन्य त्याला सोडून गेलेले असते, त्याची पत्नी गळफास घेते आणि उरलेले सैन्य विंटरफेलसमोर नष्ट होते. भविष्यवाणीचा चमत्कार आणि राजकीय परिणाम यांतील विसंगती येथे भेदक आहे. सैनिकांनी राजाला सोडले ते हवामानामुळे नव्हे, तर ज्याने मुलीला जाळले त्याच्या आज्ञेत राहणे त्यांना अशक्य झाले म्हणून, असाच अर्थ या प्रसंगातून निघतो. ज्या श्रद्धेने अधिमान्यता मिळवून दिली, तिनेच ती हिरावून घेतली.

शिरीनला वाचायला शिकविणे ज्याला शक्य झाले नसते, पण जो तिच्याकडून वाचायला शिकला, तो निरक्षर डॅव्हॉस सीवर्थ या मालिकेत भविष्यवाणीला सातत्याने प्रश्न विचारतो. सहाव्या पर्वाच्या अखेरीस तो मेलिसान्द्रेला जाब विचारतो. आपला समज चुकला, असे ती सांगते. डॅव्हॉसच्या दृष्टीने हे उत्तर पुरेसे नाही. जो देव बालकांना जाळण्यास सांगतो तो देवच दुष्ट आहे, अशी त्याची भूमिका आहे. म्हणजेच भविष्यवाणी खरी की खोटी हा वाद तो बाजूला ठेवतो. ती खरी असती तरी ते कृत्य क्षम्य ठरले नसते, असे त्याचे म्हणणे आहे.

विसेरिसचा अपराध याच जातीचा आहे. विजेत्या एगॉनचा मुकुट धारण केलेला पुत्र जन्मेल, असे स्वप्न त्याला पडले होते. प्रसूतीत अडलेल्या राणी एमाचे पोट तिच्या संमतीवाचून फाडण्यास तो परवानगी देतो. राणी मरते आणि पुत्रही काही तासांत मरतो. रेनिराला वारस नेमण्याच्या त्याच्या निर्णयामागे या अपराधाची टोचणी आहे आणि पुढील यादवीचे मूळही तेथेच आहे. दुसऱ्या पर्वात रेनिराही त्याच वाटेने जाऊ लागते. राज्य वाचविण्याचे कार्य दैवाने आपल्यावर सोपविले आहे, ही तिची धारणा दृढ होत जाते आणि ड्रॅगनवर स्वार होण्यासाठी तिने बोलाविलेल्या अनेक सामान्य माणसांचा होरपळून मृत्यू होतो.

डेनेरिसची शोकांतिका हा या मालिकेतील शेवटचा टप्पा होय. गुलामांची मुक्ती करणारी ही राणी आठव्या पर्वात शरण आलेल्या किंग्ज लँडिंग शहरावर आग बरसते. तिचे हे रूपांतर घाईने दाखविले गेले, अशी टीका झाली आणि तीत तथ्य आहे. परंतु विचाराच्या दृष्टीने ते सुसंगत आहे. आपणच जगाच्या मुक्तीसाठी जन्मलो, या निश्चितीपुढे इतरांच्या संमतीला अर्थ उरत नाही. मरणाऱ्यांत बहुसंख्य ती असतात, ज्यांना कोणत्याही भविष्यवाणीत स्थान नव्हते.

७. मालिकेचा शेवट

ज्या संकटासाठी तारणहाराची प्रतीक्षा होती, त्या नाइट किंगचा अंत आर्या स्टार्क करते. सिंहासनाच्या कोणत्याही दाव्याशी तिचा संबंध नसतो. अखेरच्या भागात ड्रॅगन लोहसिंहासन वितळवून टाकतो आणि सरदारांची सभा ब्रॅन स्टार्कची राजा म्हणून निवड करते. यापुढे राजा जन्माने नव्हे, तर निवडीने ठरेल, असे टिरियन सुचवितो. सामान्य जनतेलाही मत असावे ही सॅमवेल टार्लीची सूचना मात्र हसण्यावारी नेली जाते. वेबर यांच्या परिभाषेत बोलायचे तर वलयाकडून नियमाकडे झालेला हा अर्धामुर्धा प्रवास आहे. निवडलेला राजा स्वतःच त्रिकालदर्शी आहे, ही गोष्ट मालिकेने संदिग्ध ठेवली आहे. ज्याला सर्व ठाऊक आहे त्याच्या हाती राज्य देणे, हा भविष्यवाणीच्या राजकारणाचा शेवट आहे की त्याचे नवे रूप, याचे उत्तर ती देत नाही.

८. निष्कर्ष

१) अभ्यासलेल्या मालिकांत भविष्यवाणी ही सत्तासंघर्षाबाहेरील शक्ती नसून त्या संघर्षातील अधिमान्यतेचे एक प्रभावी साधन आहे.

२) भविष्यवाणीचा प्रभाव तिच्या अचूकतेवर ठरत नाही. मेलिसान्द्रे व हेलेना यांच्या तुलनेवरून असे दिसते की, सांगणाऱ्यामागील बळ आणि ऐकणाऱ्याची गरज यांवर तो ठरतो.

३) भविष्यवाणीची संदिग्धता हेच तिचे राजकीय सामर्थ्य होय. सर्सी, अ‍ॅलिसेंट व डेनेरिसचे समर्थक आपल्या भयाला किंवा आकांक्षेला अनुकूल असा अर्थ तीत भरतात.

४) मालिकांतील हे चित्रण कपोलकल्पित असले तरी पंधराव्या-सोळाव्या शतकांतील इंग्लंडच्या राजकीय इतिहासाशी त्याचे निकटचे नाते आहे.

५) भविष्यवाणी कृत्याला कारण पुरवू शकते, पण कर्त्याला जबाबदारीतून मुक्त करू शकत नाही. शिरीन, एमा आणि किंग्ज लँडिंगचे नागरिक यांच्या मृत्यूंतून हा विचार या मालिका ठामपणे मांडतात. सत्ताधाऱ्याने आपल्या निर्णयासाठी दैवाचा हवाला दिला, तरी त्या निर्णयाचा जाब त्यालाच विचारला पाहिजे, हा डॅव्हॉसचा आग्रह या संपूर्ण कथेतील सर्वांत महत्त्वाचा राजकीय विचार ठरतो.